ठकूने घेतलेली जागा

ठकूच्या घरी जेवणाच्या टेबलावर भाजीपेक्षा कारखानाच जास्त वाढला जायचा. आई आणि बाबा एकाच ठिकाणी नोकरीला होते. फळ्या चिकटवायचं रेझिन बनवणारा कारखाना. आई उत्पादन खात्याची मुख्य, बाबा मेंटेनन्सचे. माल काढायचा आईने, आणि यंत्रं धडधाकट ठेवायची बाबांनी. ज्यांनी कुठलाही कारखाना आतून पाहिलाय त्यांना सांगायला नको, की या दोन खात्यांचं जगात कुठेच पटत नाही. माल बिघडला की उत्पादनवाले म्हणणार, यंत्रच धड नव्हतं. यंत्र मोडलं की मेंटेनन्सवाले म्हणणार, तुम्ही ते मरेस्तोवर राबवलंत. ठकूच्या आईबाबांनी हे भांडण घरी आणलं होतं आणि त्यावरच संसार थाटला होता.

तेव्हा ते गमतीचं भांडण होतं. ठकू लहानपणी इस्त्री उघडून बसली की बाबा म्हणत, "बघ हिचे हात. स्पॅनर धरायलाच जन्मली आहे."

"स्पॅनर धरायला माणसं पोत्याने मिळतात," आई म्हणे. "डोकं चालवणारी मिळत नाहीत. ठकू, तू केमिकल घे आणि या लोकांना कामं सांग."

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, आणि गंमत जरा टोकदार झाली. ठकू कुठली शाखा घेते यावर जणू घरातला वीस वर्षांचा सामना निकालात निघणार होता. ठकूचं म्हणाल, तर तिने मनातल्या मनात मेकॅनिकल कधीच पक्कं केलं होतं. बंद पडलेला मिक्सर उघडावा, घासून-पुसून पुन्हा जोडावा, बटण दाबलं की तो भर्रकन फिरावा, यात तिला जे सुख मिळे ते दुसऱ्या कशात मिळत नसे. पण ती ते सांगत नव्हती. सांगितलं नाही तोवर दोघंही तिच्या पुढे-पुढे करत. आई तिच्या आवडीचं करून घाली, बाबा तिला गाडी चालवायला देत. पोरगी हुशार होती, आणि आपला भाव कशात आहे हे तिला नीट कळत होतं.

त्याच दिवसांत एकदा जेवताना बाबा म्हणाले, "मोठ्या रिअ‍ॅक्टरच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग कुरकुरतंय. दोन दिवस दे मला तो. बदलून टाकतो."

"आत्ता?" आई म्हणाली. "ऑर्डर अर्धी बाकी आहे. एवढी जाऊ दे, मग चार दिवस घे."

बाबांनी घास गिळला. "बरं, काढ तेवढी. चालेल तोवर."

एवढंच बोलणं झालं. ठकू समोर बसली होती. तिला पाणी हवं होतं म्हणून तिने जग ओढून घेतला, आणि विषय दुसरीकडे गेला.

रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन मजले उंच बंद पातेलं. आत माल शिजत असतो आणि एक भलीमोठी ढवळणी त्याला सतत फिरवत असते. ती फिरते तोवर सगळं गोडीगुलाबीत चालतं. ती थांबली की उष्णता आतल्या आत साठत जाते, आणि मग माल कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या आठवड्यात, भर दुपारी, ते बेअरिंग गेलं आणि ढवळणी थांबली.

रिअ‍ॅक्टरवर तेव्हा पैलवान होता. अंगावर मूठभर मांस नाही म्हणूनच त्याला सगळे पैलवान म्हणत. कारखान्यातला सगळ्यात जुना ऑपरेटर. ठकू लहान असताना कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात तो तिला खांद्यावर घेऊन हिंडायचा, आणि त्याची स्वतःची मुलगी शेजारून त्याचं बोट धरून चालायची. ही मुलगी पुढे ठकूच्याच वर्गात आली. तिच्या जाड चष्म्यामुळे सगळा वर्ग तिला ढापणी म्हणे, आणि तीही बिनदिक्कत ओ देई. दोघी एका बाकावर बसत. ढापणीचे मार्क ठकूपेक्षा नेहमी थोडे जास्त असत.

धोक्याचा भोंगा वाजला तसे बाकीचे सगळे दाराकडे पळाले. पैलवान उलटा पळाला, थंड पाण्याच्या व्हॉल्व्हकडे. तो व्हॉल्व्ह रिअ‍ॅक्टरला लागूनच होता. त्याने पाणी सोडलं, म्हणून शेजारच्या टाक्या वाचल्या आणि कारखाना उभा राहिला. पण तोवर झाकणाचं पॅकिंग फुटलं होतं, आणि आतला उकळता चिकट माल पैलवानाच्या तोंडावर आणि छातीवर आला. जीव वाचला. डोळे वाचले नाहीत.

चौकशी बसली. चूक कुणाची, उत्पादनाची की मेंटेनन्सची?

त्या दिवसापासून ठकूच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणणंही जिवावर येतं.

"तू रिअ‍ॅक्टर दिला नाहीस," बाबा म्हणाले.

"तू मागितलास कधी?"

"ह्या टेबलावर मागितला. ह्या इथे."

"जेवताना बडबडलास त्याला मागणं म्हणतात? लेखी दे की. सही कर की. नोकरी करतोस की गप्पा मारतोस?"

"ठकू होती ना तेव्हा. विचार तिला. ठकू, मी बोललो की नाही?"

दोघांनी तिच्याकडे बघितलं. असं बघणं तिने आईबाबांच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. काल-परवापर्यंत ती लाडकी लेक होती, आता साक्षीदार झाली होती. "माझं लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतंच," आई म्हणाली.

"घाबरते ती तुला," बाबा म्हणाले.

मग शाखेचा विषयही नासला. बाबा तिच्या खोलीच्या दारात उभं राहून म्हणायचे, "घे, केमिकलच घे. आईसारखी होशील. माणूस भाजून पडला तर हिचा पहिला प्रश्न काय माहितीये? बॅच पूर्ण गेली की अर्धी वाचली." आई भांडी आपटत म्हणायची, "मेकॅनिकल घे, बाई. मोडल्यावर यायचं, मान हलवायची आणि हात पुसायचे. त्याचीच डिग्री देतात." आई हॉलमध्ये झोपू लागली. निरोप ठकूमार्फत जाऊ लागले. आईला सांग, गॅस संपलाय. बाबांना सांग, मला दिसतंय. ठकूच्या घशाखाली अन्न उतरेना. कुठलीही शाखा घेतली तरी ती एकाच्या तोंडावर मारल्यासारखी होणार होती. देवा, यांचं काहीही कर पण हे थांबव, एवढंच तिला वाटे.

ते थांबलं हॉस्पिटलमध्ये.

कंपनीने दोघांना पैलवानाला बघायला जायला सांगितलं होतं. दोघांना एका गाडीत एकटं बसवेना म्हणून ठकूला बरोबर घेतलं. आई पुढच्या सीटवर बसली नाही, मागे ठकूशेजारी बसली.

खोलीत ढापणी होती. ती म्हणाली, "बरं झालं आलात. मी तेवढी औषधं घेऊन येते, खाली रांग असते," आणि ठकूच्या खांद्याला हात लावून गेली. पैलवानाचं डोकं बँडेजमध्ये गुंडाळलेलं होतं. तोंडापुरती फट होती, आणि त्या फटीतून दिसणारे ओठ ओठांसारखे दिसत नव्हते.

"कोण?" तो म्हणाला.

"मी आहे," आई म्हणाली. "साहेबही आलेत."

पैलवान उठून बसायला धडपडू लागला. आईने त्याला थांबवलं. त्याच्या बाजूला स्टूल ओढून ती बसली, आणि तिने फार मायेने विचारलं, "दुखतंय?"

"नाही मॅडम. मॅडम, ढवळणी थांबली. मोटरच्या करंटचा काटा खाली आला, मी बघितलं. मग मी पाण्याकडे..."

"हो, हो. पण त्याच्या आधी?"

"आधी?"

"काटा खाली आला, तेव्हा तुम्हाला वाटलं असेल, आत जरा बघावं. साहजिक आहे. कुणालाही वाटेल. तुम्ही झाकण थोडं सैल केलंत ना?"

"नाही मॅडम. चालू बॅचला झाकण कोण उघडेल?"

"आठवून बघा. घाई नाही."

तिने त्याला चमच्याने पाणी पाजलं. हनुवटीवरून ओघळलेलं पुसलं. मग पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा नाही म्हटलं, पण या वेळी जरा थांबून. ठकू भिंतीला टेकून उभी होती. आईचा असा मऊ आवाज तिने लहानपणी ताप आल्यावर ऐकला होता. आई तिसऱ्यांदा विचारत होती, आणि ठकूला वाटलं, आता बाबा ओरडणार. आता ते म्हणणार, बास झालं, त्या माणसाला सोड.

बाबा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि म्हणाले, "पैलवान, झाकणाचे दोन बोल्ट पान्याने सैल केलेले होते. मी स्वतः पाहिलेत."

ठकूने मान वर केली. दोनच दिवसांपूर्वी हेच बाबा घरात ओरडले होते, की झाकणाचा एकही बोल्ट जागेवर राहिला नाही, सगळे उडाले, बघायला काही उरलंच नाही म्हणून.

"साहेब, तुम्ही बघितलेत?"

"बघितले."

पैलवानाची बोटं चादरीवर कसलं तरी चाक फिरवल्यासारखी हलत होती. मग तो म्हणाला, "तुम्ही बघितलेत म्हणजे असतील, साहेब. माझंच डोकं ठिकाणावर नाही. हात गेला असेल माझा."

"म्हणजे झाकण तुम्ही उघडलंत," आई म्हणाली.

"उघडलं असेल, मॅडम."

"विश्रांती घ्या," आई म्हणाली, आणि तिने त्याची चादर नीट केली. चादर नीट करताना तिने पलंगापलीकडे बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांत दोघांची नजर पहिल्यांदा मिळाली होती.

"ऐकलंस ना, ठकू?" बाबा म्हणाले. "त्यांनी स्वतः सांगितलं."

"हो," ठकू म्हणाली.

परत जाताना आई पुढच्या सीटवर बसली. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "कुठे चहा घ्यायचा का?" बाबांनी गाडी बाजूला घेतली. तिघं एका टपरीपाशी उभी राहिली, आणि चहा पिताना बाबा काहीतरी फालतू बोलले. त्यावर आई हसली, ते हसू थोडं लांबलं, आणि तिने डोळे पुसले. ठकूला हायसं वाटलं. वाटायला नको होतं, हे तिला कळत होतं. तरी त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली.

चौकशीचा निकाल लागला: ऑपरेटरने नियम मोडून चालू रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडलं. मेंटेनन्स निर्दोष, उत्पादन निर्दोष. चूक त्याचीच ठरल्यावर भरपाईचा विषय आपोआप मिटला, आणि पैलवान ज्याला वाचवायला गेला होता त्या कारखान्याने त्याला घरी बसवलं. ठकूच्या घरात पुन्हा हसणं-खिदळणं सुरू झालं. दोघंही आता मोठ्या मनाने म्हणू लागले, "तुला हवी ती शाखा घे, बाई. आमचं काही म्हणणं नाही."

निकालानंतर ढापणी ठकूला भेटायला आली. घरात आली नाही. फाटकापाशीच उभी राहिली. चष्म्यामागे तिचे डोळे सुजले होते.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"बाबा म्हणतात, त्यांनीच झाकण उघडलं. मला पटत नाही. अगं, आमच्या घरी कुकरची शिट्टी गेल्याशिवाय ते मला झाकणाला हात लावू देत नाहीत. तू होतीस ना त्या दिवशी? त्यांनी आपणहून सांगितलं, की त्यांच्या तोंडून कुणी वदवून घेतलं?"

घरातून आईबाबांचं बोलणं ऐकू येत होतं. आई बाबांना कपाटाच्या वरच्या फळीवरचं काहीतरी काढून द्यायला सांगत होती, आणि बाबा नाटकी कुरकुर करत होते. ठकूला वाटलं, आपण एक वाक्य बोललो की आतलं हे बोलणं बंद पडेल, आणि या खेपेला कायमचं.

"आपणहून," ती म्हणाली.

"शपथ?"

"तू माझ्यावर संशय घेतेस?"

ढापणी एकदम वरमली. "नाही गं. तुझ्यावर नाही. मला वाटलं... जाऊ दे." मग तिला रडू फुटलं, आणि रडता-रडता ती चिडली. "कशाला उघडलं त्यांनी? आयुष्य गेलं त्या रिअ‍ॅक्टरवर, आणि एवढी अक्कल नसावी? मी काल फाडफाड बोलले त्यांना. नंतर वाटलं, उगाच बोलले, त्यांचं काय चुकलं असेल. पण बरोबरच बोलले म्हणायची."

ठकूने तिच्या पाठीवर हात ठेवला. "बोललीस ते बरोबर बोललीस," ती म्हणाली. कुणी विचारलं नसताना म्हणाली.

प्रवेशाची फेरी एका मोठ्या सभागृहात होती. गुणक्रमाने नावं पुकारत, उमेदवार पुढच्या टेबलापाशी जाई, उरलेल्या जागांतली एक निवडी, सही करी. कुठल्या कॉलेजात कुठल्या शाखेच्या किती जागा शिल्लक आहेत ते पडद्यावर दिसत होतं. जो जागेवर नसेल त्याला मागे टाकत, आणि तो आला की जे उरलं असेल त्यातून घ्यावं लागे. ढापणीचा क्रमांक ठकूच्या पुढे होता. तिला पूर्वीपासून मोठ्या कॉलेजातलं केमिकल हवं होतं. तिच्या बाबांच्या तोंडून रिअ‍ॅक्टरच्या गोष्टी ऐकतच ती वाढली होती. बापाचं असं झाल्यावरही तिने तो हट्ट सोडला नव्हता.

ठकू आईबाबांच्या मध्ये बसली होती. मोठ्या कॉलेजातलं मेकॅनिकल सकाळीच संपलं. मेकॅनिकल आता होतं ते गावाबाहेरच्या, दोन खोल्या आणि एक जुनं लेथ एवढीच मिळकत असलेल्या कॉलेजात. मोठ्या कॉलेजात केमिकलच्या अगदी थोड्या जागा शिल्लक होत्या.

तेवढ्यात फोन थरथरला. ढापणी.

"ऐक, आम्ही पुलापाशी अडकलोय. आज घरी बाबांजवळ थांबायला कुणी नाही, म्हणून त्यांनाही घेतलंय, त्यांना चढायला-उतरायला वेळ लागतो. माझं नाव आलं तर सांगशील ना, मी पोचतेय म्हणून?"

"सांगते."

"नक्की ना? तुझ्या भरवशावर आहे हं."

"अगं सांगते, ये तू."

"कोण?" आईने विचारलं.

"क्लासमधली."

मघाशी एका मुलाचं नाव पुकारल्यावर त्याचा बाप मागून ओरडला होता, "आलाय, जिन्यात आहे!" आणि टेबलावरचे गृहस्थ थांबले होते. चांगला दम खाऊन थांबले होते. हे ठकूने पाहिलं होतं.

केमिकलची एकच जागा उरली तेव्हा ढापणीचं नाव आलं.

गृहस्थांनी दोनदा पुकारलं. मग चष्मा वर करून सभागृहभर नजर टाकली. "कुणी ओळखीचं आहे का यांच्या? येतायत का त्या?"

आईने हळूच मान वळवली. नाव तिला चांगलंच माहीत होतं, आणि मघाचा फोन कुणाचा होता तेही तिच्या आता लक्षात आलं होतं. ती ठकूकडे बघत राहिली. बाबा पडद्याकडे बघत होते. हात वर करायचा, बस, एवढंच होतं. तिने हात मांडीखाली घेतले.

"पुढचे," गृहस्थ म्हणाले.

पुढच्या दोघा-तिघांनी कॉम्प्युटरच्या जागा उचलल्या. मग ठकूचं नाव आलं.

टेबलापाशी उभं राहिल्यावर क्षणभर तिला तो मिक्सर आठवला, बोटांना लागलेलं ग्रीस आठवलं. गावाबाहेरच्या कॉलेजात मेकॅनिकल होतं. आपल्याला जे हवंय ते समोर आहे, कुणाचं काही न घेता मिळतंय, हे तिला दिसत होतं.

"लवकर सांगा," गृहस्थ म्हणाले.

तिने मागे वळून पाहिलं. बाबांनी, ज्या बाबांनी तिच्या हातात पहिला स्पॅनर दिला होता त्या बाबांनी, दोन्ही हातांनी खूण केली: घे, घे, मोठं कॉलेज घे.

"केमिकल," ठकू म्हणाली आणि सही केली.

तिघं खाली उतरली तर जिन्याच्या पायथ्याशी बाकावर पैलवान एकटाच बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर मुलीची छत्री. पट्ट्या सुटल्या होत्या, आणि त्याचा चेहरा आता कायमचा तसा झाला होता. आई पाऊल न वाजवता पुढे निघाली होती, पण बाबा म्हणाले, "गाडी आणतो," आणि पैलवानाने आवाज ओळखला. तो ताडकन उभा राहिला. त्याने हात जोडले ते भिंतीच्या दिशेने.

"साहेब! मॅडम पण आहेत? ठकूताईला काय मिळालं?"

"केमिकल," आईला सांगावं लागलं. "मोठ्या कॉलेजात."

"वा! मॅडमची लेक शोभते. आमचीही आत्ताच धावत वर गेलीय. तिलाही तेच हवंय. दोघी बरोबर जातील-येतील, मला काळजी नाही."

तेवढ्यात ढापणी जिना उतरत आली. तिच्या हातात कागद होता. तिने आधी बापाकडे पाहिलं, मग ठकूकडे.

"नाव पुकारलं होतं?" तिने विचारलं.

"हो. मी सांगितलं त्यांना," ठकू म्हणाली. "ते थांबायला तयार नव्हते."

"हं." ढापणीने श्वास घेतला. "मेकॅनिकल मिळालं, बाबा. गावाबाहेरच्या कॉलेजात. आणि हिला केमिकल."

पैलवान गोंधळला, आणि मग आपल्या त्या ओठांनी हसला. "म्हणजे अदलाबदलच झाली की पोरींची! चालतंय. यंत्राशिवाय कुठे माल निघतो, काय साहेब?"

बाबा गाडी आणायला निघून गेले होते. "हो ना," आई म्हणाली.

पुढे ठकू केमिकल शिकली. वाईट शिकली नाही. पाठ करायची, पास व्हायची, प्रयोगशाळेत वासाने तिचं डोकं दुखायचं. घरी बाबा आता तिला कधी काही उघडायला देत नसत. ढापणीचा फोन सुरुवातीला येई, मग येईनासा झाला, आणि तो येत नाही हे ठकूच्या पथ्यावर पडलं.

दुसऱ्या वर्षी ढापणी ठकूच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये आली. हाताला काळे डाग, नखांत ग्रीस. ठकूच्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"आमच्या वर्कशॉपला तुझ्या बाबांच्या हाताखालचा जुना फिटर शिकवायला आलाय," ती म्हणाली. "बेअरिंग आधीपासून वाजत होतं, म्हणाला. मॅडमच्या कानावर घातलंय, असं साहेब स्वतः त्याला तेव्हा बोलले होते, म्हणाला. घरी, जेवताना. तुला माहीत होतं?"

ठकूने चमचा बशीत ठेवला. "आता काय उपयोग त्याचा?"

"म्हणजे माहीत होतं."

"तू काय करणारेस? तक्रार करणारेस?"

"कुणाकडे? साक्ष कोण देणार, तू?" ढापणीचा आवाज चढला नाही. "आणि त्या दिवशी प्रवेशाच्या हॉलमध्ये तू काही सांगितलंच नव्हतंस. मी त्या टेबलावरच्या माणसाला विचारलं होतं, तेव्हाच. म्हटलं, असेल घाबरली. इतके दिवस तुझी बाजू मीच मांडत बसले माझ्यापाशी."

ठकू चमचा बशीत फिरवू लागली.

"बाबांना मी काही सांगणार नाही," ढापणी म्हणाली. "त्यांना वाटतं, त्यांच्या चुकीमुळे कारखाना धोक्यात आला. दिवसातून एकदा तरी म्हणतात, साहेब-मॅडमना केवढा ताप दिला मी. एकदा भेटून माफी मागायची आहे, म्हणतात. मी त्यांना सांगितलंय, रविवारी ठकू येणार आहे. तू यायचंस. समोर बसायचंस आणि ऐकायचंस."

"मी नाही येणार."

"येशील," ढापणी म्हणाली. "नाहीतर मी त्यांना तुझ्या घरी घेऊन येईन. तुझ्या आईबाबांसमोर."

रविवारी ठकू गेली. खोली स्वच्छ होती, दोन खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या. ढापणी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली, पुढे आली नाही. पैलवानाने नवा सदरा घातला होता. त्याने ठकूचा अभ्यास विचारला, आईची तब्येत विचारली, बाबांची रिटायरमेंट कधी ते विचारलं. मग त्याने घसा साफ केला आणि, पाठ केल्यासारखं, सगळं बोलून दाखवलं. की काटा खाली आला, त्याचा हात झाकणाकडे गेला, कसा गेला ते त्याला अजून कळत नाही. की साहेबांनी इतकी वर्षं विश्वास टाकला आणि त्याने घात केला. की मॅडम स्वतः चमच्याने पाणी पाजायला आल्या, हे तो मरेपर्यंत विसरणार नाही. बोलताना तो मुद्दाम ताठ बसला होता. शेवटी त्याने तिच्या दिशेने हात जोडले.

"त्यांना सांगशील ना, ताई? तेवढं मनातून काढून टाका म्हणावं."

दारातून ढापणी एकटक बघत होती. तिच्या चष्म्यावर खिडकीतला उजेड पडला होता, त्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. ठकूला वाटलं, हिला हेच हवंय, आपण रडावं, मोडावं, सगळं ओकून टाकावं. त्या विचाराने तिच्या आत काहीतरी घट्ट झालं. तिने पुढे वाकून त्या माणसाचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"काका, असं नका म्हणू," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "आमच्या घरी कुणाच्या मनात काही नाही. आईबाबांनी तुम्हाला कधीच माफ केलंय. मीही केलंय."

पैलवानाचा चेहरा हलला. त्याला रडताही येत नसे. त्याने नुसतीच मान पुन्हा-पुन्हा हलवली. दारात आता ढापणी नव्हती. आतल्या खोलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता, तो बराच वेळ येत राहिला. ठकूने पर्स उचलली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. सोमवारपासून तिची परीक्षा होती.